पगार ठरला, पण ओट्याचं काय?

जर्मनीत भाड्याच्या घराचं दार पहिल्यांदा उघडणाऱ्या मराठी कुटुंबाला बऱ्याचदा स्वयंपाकघर सापडतच नाही. खोली असते, भिंतीतून नळाचे पाइप बाहेर आलेले असतात. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं यांपैकी काही नसतं. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर सोबत घेऊन गेलेला असतो, कारण अनेक घरांत ते भाडेकरूनेच बसवायचं असतं. नवं बसवायचं तर हजारो युरोंचा खर्च, वर काही आठवड्यांची वाट. पुण्यात ऑफर लेटर हातात पडलं त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी युरोंचे रुपये करून पाहिलेले असतात. ओट्याचा विचार कुणाच्या मनातही आलेला नसतो.

परदेशातल्या नोकरीसाठी पगारावर घासाघीस होते, ‘रिलोकेशन’वर क्वचितच. तिकिटं आणि व्हिसाची फी कंपनी देणार म्हटल्यावर माणूस समाधानी होतो, बाकीचं मागायला संकोचतो. हा संकोच महागात पडतो. पगार वाढवणं कंपनीला जड जातं, कारण ती वाढ दरवर्षी द्यावी लागते आणि त्याच पदावरचे इतर लोक तुलना करतात. स्थलांतराचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे त्याला होकार मिळणं सहसा सोपं असतं. मागायची योग्य वेळ मात्र थोडीच असते: ऑफर लेखी आल्यापासून सही करेपर्यंत. आपल्याकडे आयटीत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. तो विकत घेऊन लवकर सुटायचं असेल तर ती रक्कमही नव्या कंपनीकडे याच काळात मागता येते.

पुणे-चाकण पट्ट्यातल्या जर्मन कारखान्यांमुळे जर्मनीची वाट आता आपल्या ओळखीची झाली आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. तिथला घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘थंड भाड्या’इतकं डिपॉझिट घेऊ शकतो. थंड भाडं म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे खर्च धरायच्या आधीचं नुसतं घरभाडं. समजा ते १,२०० युरो असेल, तर डिपॉझिट ३,६०० युरोंपर्यंत जाईल. कायद्याने भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरता येतं, पण नवख्यांना हे कुणी आपणहून सांगत नाही. शिवाय पहिलं भाडं, स्वयंपाकघर, थंडीचे कपडे आहेतच. हे सगळं पहिला पगार हातात यायच्या आधी किंवा त्याच सुमाराला येऊन पडतं. त्यामुळे ‘आधी खर्च करा, मग बिलं दाखवा’ ही पद्धत कंपनीला सोयीची असली तरी कुटुंबाला नाही. काही रक्कम निघण्यापूर्वीच आगाऊ द्या, असं स्पष्ट म्हणावं.

त्याहून मोलाची मागणी तात्पुरत्या घराची. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. या नोंदणीनंतर कर-क्रमांक मिळतो. तो वेळेत कंपनीकडे पोचला नाही, तर पगारातून सर्वांत जड वर्गाने कर कापला जाऊ शकतो. जास्त कापलेला कर पुढे परत मिळतो हे खरं, पण चणचण पहिल्याच महिन्यांत असते. हॉटेलात किंवा सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये असा दाखला मिळेलच असं नाही. तेव्हा ‘दोन महिन्यांचं घर द्या’ एवढंच न म्हणता ‘जिथे पत्त्याची नोंदणी होईल असं घर द्या’ असं म्हणावं. या एका वाक्याने किती हेलपाटे वाचतात, ते तिथे राहून आलेला कुणीही सांगेल.

देश बदलला की मागणीचं रूपही बदलतं. ब्रिटनला जाणाऱ्याने आरोग्य अधिभार आधी विचारावा. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांसाठी ७७६ पौंड आहे, आणि तो व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी एकदम भरावा लागतो. आईवडील आणि दोन मुलं पाच वर्षांच्या व्हिसावर निघाली तर १८,११० पौंड होतात, व्हिसाची फी वेगळीच. ‘व्हिसाचा खर्च आमचा’ असं कंपनी म्हणते तेव्हा त्यात हा अधिभार धरलाय का, आणि बायकोमुलांचाही धरलाय का, हे विचारलंच पाहिजे. हेल्थ अँड केअर व्हिसावर जाणाऱ्या नर्स आणि डॉक्टरांना मात्र तो माफ आहे.

अमेरिकेत प्रश्न कराचा. स्थलांतरासाठी कंपनीने दिलेले पैसे तिथे २०१८ पासून कर्मचाऱ्याचं करपात्र उत्पन्न धरले जातात. म्हणजे कागदावरचे दहा हजार डॉलर हातात तेवढे पडत नाहीत. हा करही कंपनीने भरावा असं ठरवून घेता येतं. मनुष्यबळ विभागाच्या भाषेत त्याला ‘ग्रॉस-अप’ म्हणतात. तिकडची वीज १२० व्होल्टची, त्यामुळे घरचा मिक्सर आणि वॉशिंग मशीन नेऊन उपयोग नाही. सामान बोटीने पाठवायच्या सवलतीऐवजी रोख रक्कम मागणं तिथे शहाणपणाचं. जर्मनीत मिक्सर मात्र पिन बदलून खुशाल चालतो.

दुबईत पगाराचे तुकडे कसे पाडलेत ते पाहावं. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा. घरभाडं आणि प्रवास भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवला असेल, तर एकूण आकडा तोच दिसतो आणि निघताना हातात कमी पडतं.

सगळ्यांत कमी बोललं जातं ते जोडीदाराबद्दल. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या (ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, पण भाषेशिवाय ती मिळणं कठीण, आणि दंतवैद्य असेल तर पदवीला मान्यता मिळवण्यात महिनोन्‌महिने जातात. अमेरिकेत एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बहुतेकांना कामाची परवानगीच नसते. इथली चांगली नोकरी सोडून सोबत गेलेली बायको किंवा नवरा तिकडे घरात कोंडून राहतो, तेव्हा सगळं घरच दुःखी होतं. दोघांच्या भाषावर्गाचे पैसे, पदवीच्या मान्यतेचा आणि भाषांतरांचा खर्च या मागण्या हक्काने कराव्यात. ब्लू कार्डधारकाला बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, ए-वनवर २७ महिने लागतात. भाषावर्गाचा तास असा थेट मोजता येतो.

जे ठरेल ते ईमेलवर यावं. फोनवर होकार देणारी व्यक्ती तुम्ही पोचेपर्यंत कंपनी सोडून गेलेली असू शकते. आणि सही करण्याआधी परतफेडीचं कलम दोनदा वाचावं. एक किंवा दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर स्थलांतराचा खर्च परत करायचा, अशी अट अनेक करारांत असते. ती काढून टाकायला कंपनी सहसा तयार होत नाही, पण तीत दोन बदल मागता येतात. जितके महिने काम केलं तितकी रक्कम माफ होत जावी, हा पहिला. दुसरा त्याहून महत्त्वाचा: कंपनीनेच कामावरून कमी केलं तर एक पैसाही परत मागू नये, आणि पूर्ण कुटुंबाच्या परतीच्या तिकिटांचा खर्च कंपनीने द्यावा.