खोगिराला मागचा तंग असावा काय?

ठाणें, कल्याण व डोंबिवलीच्या आसपास ज्यांच्या जमिनी अद्याप शिल्लक आहेत, अशा कांहीं बागाइतदारांनीं हौसेनें घोडीं पाळलीं आहेत. त्यांवर देशी खोगिराऐवजीं अमेरिकन गुराख्यांच्या धाटणीचें जड खोगीर घालण्याची आवडहि दिसूं लागली आहे. या खोगिरास पुष्कळदां दोन तंग असतात. एक पुढच्या पायांच्या लगत, दुसरा पोटावर बराच मागें. हा दुसरा ठेवावा कीं काढावा, असें आम्हांस विचारण्यांत येतें.

तो निर्माण कशासाठीं झाला हें प्रथम पाहूं. टेक्सासमधील गुराखी पळत्या गुरावर फांस टाकी व दोराचें दुसरें टोंक खोगिराच्या पुढील खुंटास पक्कें बांधी. हिसका बसतांच खोगिराचा पुढचा भाग दबे आणि मागचा काठ वर उचले. तो काठ खालीं धरण्यास मागचा तंग. उलट कॅलिफोर्नियांतील गुराखी दोराचे नुसते वेढे खुंटास देई व लागेल तसा दोर सैल सोडी. त्याचें काम मध्यावरील एका तंगानें भागे. आमच्या गुरांस वेसण व दावें असतें. त्यांवर घोड्यावरून फांस टाकण्याचा प्रसंग कोणास येतो? सपाट रस्त्यावर फेरफटका करणाऱ्यास मागचा तंग म्हणजे शुद्ध खोगीरभरती होय.

चढउताराची गोष्ट निराळी. कल्याणहून कर्जतकडे जातांना नेरळ लागतें. त्याच्या माथ्यावरील माथेरान ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं प्रसिद्धीस आणलें, आणि तेथें प्रवासी आजहि घोड्यावरून हिंडतात. अशा उतारावर खोगीर मानेकडे सरकतें. मागचा तंग काठ उचलूं देत नाहीं हें खरें; पण सरकणें थांबविते ती शेपटीखालून घेतलेली दुमची. चढावर तेंच काम छातीवरचा पट्टा करतो.

तरीहि ज्यास मागचा तंग ठेवणेंच असेल, त्यानें तो पोटास केवळ टेकलेला ठेवावा. आवळूं नये, व लोंबूंहि देऊं नये. माशी हाकलण्यास घोड्यानें पाय उचलला कीं लोंबत्या पट्ट्यांत खूर अडकतो. दोन्ही तंगांस जोडणारा लहान पट्टा कधींहि काढूं नये. कल्याण तालुक्यांतील आमच्या एका स्नेह्यांनीं तो निरुपयोगी समजून काढला; शेताच्या बांधावरच तंग जांघेकडे सरकला, तरणें घोडें उसळ्या मारूं लागलें, आणि स्नेही तीन आठवडे हात गळ्यांत बांधून बसले. बांधतांना आधीं पुढचा तंग, मग मागचा. सोडतांना आधीं मागचा. हा क्रम चुकल्यास खोगीर घसरून पोटाखालीं लोंबतें व घोडें बिथरतें.

कांहींहि ओढ नसतां खोगिराचा मागचा काठ उचलत असेल, तर तें पाठीस बसत नाहीं असें समजावें. मागच्या तंगानें तें जखडणें म्हणजे जखमेस आमंत्रण. खोगीर उतरविल्यावर घामानें भिजलेल्या पाठीवर मध्येंच कोरडा चट्टा दिसला, तर बहुधा तेथेंच दाब पडतो. पाठ सोललेली असल्यास ती पूर्ण भरून येईपर्यंत घोड्यावर खोगीर घालूं नये.