दुर्गा खोटे : वयाबरोबर बदलत गेलेली कारकीर्द

दुर्गा खोटे (१९०५–१९९१) यांच्या दीर्घ कारकिर्दीचे श्रेय अनेकदा त्यांच्या रूपाला आणि घराण्याला दिले जाते. इथे परभणीत त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र वाचताना मला मात्र वेगळे कारण दिसते. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी दोन मुले होती; काम ही गरज होती. ‘अयोध्येचा राजा’मधील (१९३२) तारामती गाजली, तरी त्या एकट्या ‘प्रभात’च्या होऊन राहिल्या नाहीत. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये ‘राजरानी मीरा’ (१९३३) केला आणि ‘अमर ज्योती’साठी (१९३६) त्या पुन्हा ‘प्रभात’मध्ये आल्या.

नायिकेचे वय सरले, तरी त्या थांबल्या नाहीत. ‘मॅक्बेथ’वरून शिरवाडकरांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्ये (१९५४) त्या नानासाहेब फाटकांसमोर उभ्या राहिल्या, दिग्दर्शक होते इंग्लंडचे हर्बर्ट मार्शल. पडद्यावर ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई आणि ‘बिदाई’मधील (१९७४) आई त्यांनी साकारली. वय लपवण्याऐवजी त्यांनी त्याला साजेशी भूमिका स्वीकारली. १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार म्हणूनच मला या व्यवहारी शहाणपणाचाही सन्मान वाटतो.