हस्तलिखितांची छायाचित्रे आणि त्यांची उभी-आडवी वर्गवारी

नेवाशाचा पैस खांब छायाचित्रात घ्यावयाचा तर कॅमेरा उभा धरावा लागतो. पोथीचे पान घ्यावयाचे तर तो आडवा धरणे सोयीचे. मोडी पत्राचा कागद बहुधा अरुंद व लांब, म्हणून तो पुन्हा उभ्या चौकटीत जातो. अहमदनगर (2024 पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) जिल्ह्यात शिलालेख, पोथ्या व मोडी कागद यांची छायाचित्रे घेत फिरणाऱ्या अभ्यासकाजवळ एका हंगामात हजारो चित्रे साचतात. उभी व आडवी चित्रे संगणकाकडून वेगळी करून घेतली, तर दप्तरे व पोथ्या आपोआप निराळ्या होतील, अशी अपेक्षा साहजिक आहे. ती अंशतःच पुरी होते, आणि तिचे कारण लिपीच्या अभ्यासकाने जाणून घेण्याजोगे आहे.

चित्राची रुंदी उंचीहून अधिक असेल तर ते आडवे, कमी असेल तर उभे, हा नियम वरवर पुरेसा वाटतो. तथापि कॅमेरा कोणत्याही बाजूने धरला, तरी त्यातील संवेदक चित्र बहुधा एकाच आडव्या मांडणीत साठवतो व सोबत दिशेची एक नोंद ठेवतो. एक्झिफ या 1995 साली जपानमध्ये सिद्ध झालेल्या संकेतव्यवस्थेत या नोंदीला 1 ते 8 अशी मूल्ये आहेत. 1 म्हणजे चित्र आहे तसेच पाहावे. 3 म्हणजे पूर्ण उलटे करावे. 6 म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 90 अंश वळवावे. 8 म्हणजे तितकेच विरुद्ध दिशेने. उरलेली चार मूल्ये आरशातील प्रतिमेसाठी आहेत व ती क्वचितच आढळतात. तेव्हा संगणकाने प्रथम ही नोंद वाचावी, मूल्य 5 ते 8 असल्यास रुंदी व उंची यांची अदलाबदल करावी, आणि मगच तुलना करावी. ही पायरी वगळल्यामुळे उभी चित्रे आडव्यांत गेल्याची उदाहरणे विपुल आहेत.

खरी अडचण याच्या पुढची आहे. दिशेची नोंद गुरुत्वाकर्षणावरून ठरते. खांबासमोर मोबाइल उभा धरला असता त्याला खालची बाजू कोणती हे नेमके कळते. कागद मात्र सतरंजीवर किंवा मेजावर पसरलेला असतो व मोबाइल त्यावर सपाट धरलेला असतो. अशा वेळी गुरुत्वाकर्षण पडद्याला काटकोनात जाते, चारही कडा सारख्याच ठरतात, आणि हात किंचित कलला की नोंद बदलते. म्हणजे ज्या सामग्रीसाठी ही वर्गवारी मुख्यतः हवी, तिच्याच बाबतीत नोंद बेभरवशाची! मोडी पत्र मग आडवे पडलेले दिसते आणि पोथ्यांच्या गठ्ठ्यात जाते.

येथे लिपीच साहाय्यास येते. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो व मग तिला अक्षरे लटकावतो. देवनागरीतही शिरोरेषा असतेच. चित्रातील प्रत्येक आडव्या ओळीतील काळ्या बिंदूंची बेरीज केली, तर शिरोरेषेपाशी ती एकदम चढते. असे चढाव आडव्या बेरजेत न मिळता उभ्या बेरजेत मिळाले, तर कागद 90 अंशांनी फिरलेला आहे. चढावाचा आकार आणखी एक गोष्ट सांगतो. लेखन सुलटे असेल तर वरून येताना शाई एकाएकी वाढते व अक्षरांतून हळूहळू ओसरते. उलटे असेल तर क्रम बरोबर विरुद्ध. वेलांट्या व मात्रा रेषेच्या वर जातात खऱ्या, परंतु त्यांची शाई थोडी. चित्र थोडेही तिरके असल्यास चढाव पसरट होतात; म्हणून आधी ते अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवून सर्वांत तीव्र चढाव देणारी स्थिती शोधावी लागते. पोथ्यांच्या बाबतीत ही कसोटी विशेष उपयोगी पडते. पोथीचे पान खालची कड वर नेऊन उलटायचे असते. छायाचित्रकाराने ते पुस्तकासारखे उलटले, तर मागील बाजू डोक्यावर उभी राहते, आणि केवळ रुंदी-उंचीवरून हा दोष कधीच उघड होत नाही.

मोडीत ओळ अखंड असल्यामुळे ही पद्धत देवनागरीहूनही चांगली चालते. झिजलेल्या शिलालेखांत ती दुबळी पडते. फारसीत तर ती फसवते. त्या लिपीत अक्षरे तळाच्या रेषेवर जुळतात व उभे दंड वर जातात. त्यामुळे सुलटी फारसी यंत्राला उलट्या देवनागरीसारखी भासते. निजामशाहीच्या या मुलुखात ही अडचण किरकोळ नव्हे. वर फारसी व खाली मोडी अशा द्वैभाषिक कागदावर एकाच चित्रात दोन परस्परविरुद्ध साक्षी मिळतात. तेथे आधी लिपी ओळखणे अपरिहार्य आहे. शंका राहिल्यास चित्र माणसाच्या डोळ्यांसमोर आणावे.

वर्गवारी झाली की चित्रे दोन ठिकाणी हलवण्याचा मोह होतो. तो टाळावा. रुमालातील कागदांचा क्रम हा स्वतःच एक पुरावा असतो. पत्र, त्याची पाठ व त्यावरील शेरा यांचा संबंध पुष्कळदा क्रमावरूनच कळतो. उभे एकीकडे व आडवे दुसरीकडे केले की तो तुटतो. मूळ चित्रे आपल्या अनुक्रमांकासह जागीच राहू द्यावीत आणि दिशेचा निर्णय वेगळ्या यादीत लिहावा. चित्र वळवून पुन्हा जेपेग स्वरूपात साठवणेही इष्ट नव्हे, कारण त्या क्रियेत सामान्यतः तपशील थोडा नष्ट होतो. नुसती दिशेची नोंद दुरुस्त केली असता बिंदूंना धक्का लागत नाही.