पोटॅशियम राखणारे मूत्रल आणि आपले क्षारकल्प : एक आवश्यक सावधगिरी

हृद्रोग आणि शोथ यांचे साहचर्य आपल्या शास्त्राला नवीन नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बाराव्या अध्यायात श्वयथूचा, तर सव्विसाव्या अध्यायात हृद्रोगाचा सविस्तर विचार आला आहे. मात्र पायांवरची सूज आणि चालताना लागणारी धाप घेऊन आज आपल्याकडे येणारा रुग्ण बहुधा आधीच कोठेतरी औषध घेत असतो. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहाही तालुक्यांतील हृद्रोगी अकोल्यास जाऊन येतात. तेथून आणलेल्या चिठ्ठीत पुष्कळदा स्पायरोनोलॅक्टोन हे नाव असते. ‘अल्डॅक्टोन’ या नावाने ते एकटे मिळते. ‘लासिलॅक्टोन’मध्ये ते फ्युरोसेमाइडसह, तर ‘डायटॉर प्लस’मध्ये टॉर्सेमाइडसह असते. रुग्ण त्याला केवळ ‘लघवीची गोळी’ म्हणतो. ही गोळी इतर लघवीच्या गोळ्यांहून निराळी आहे, आणि तिचे निराळेपण नेमके आपल्या क्षारकल्पांच्या आड येते. म्हणून प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

औषधाचे कर्म

फ्युरोसेमाइडसारखी सर्वसामान्य मूत्रले सोडियम व पाणी यांबरोबर पोटॅशियमही बाहेर टाकतात. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचे कार्य रोखते. त्यामुळे वृक्कातून सोडियम व पाणी बाहेर पडते, परंतु पोटॅशियम शरीरातच राखले जाते. ‘पोटॅशियम राखणारे मूत्रल’ ही संज्ञा त्यावरूनच आली. गुण दिसण्यास दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे ‘गोळीने लघवी वाढली नाही’ म्हणून रुग्णाने ती परस्पर सोडू नये, हे त्यास सांगावे लागते.

या औषधाचे खरे महत्त्व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राल्स’ या अभ्यासाने सिद्ध केले. तीव्र हृदय-अकार्यक्षमतेच्या १६६३ रुग्णांवर तो झाला. प्रचलित उपचारांस रोज २५ मि.ग्रॅ. स्पायरोनोलॅक्टोनची जोड दिली असता मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पाथवे-२’ या अभ्यासात, तीन औषधांनीही आटोक्यात न येणाऱ्या उच्च रक्तदाबात चौथे औषध म्हणून तेच सर्वांत प्रभावी ठरले. ज्या गोळीने रुग्णाचे आयुष्य वाढते ती आपल्या शब्दावरून बंद होता कामा नये, हे पहिले पथ्य वैद्यानेच पाळावयाचे आहे.

परंतु त्याच औषधाची दुसरी बाजूही लवकरच दिसून आली. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ‘राल्स’नंतर या औषधाचा वापर झपाट्याने वाढला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, हृदय-अकार्यक्षमतेच्या वृद्ध रुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ साली हजारी २.४ होते, ते २००१ साली ११ वर गेले. औषध तेच होते. मात्र अभ्यासातील रुग्णांची निवड काटेकोर होती व रक्ततपासणी वेळच्या वेळी होत होती. प्रत्यक्ष व्यवहारात हे दोन्ही नियम सैल झाले.

क्षारकल्पांचा प्रश्न

रक्तातील पोटॅशियमचे प्राकृत प्रमाण साधारण ३.५ ते ५ असते. ते ५.५ च्या वर गेल्यास मात्रा कमी करावी लागते, ६ च्या वर गेल्यास औषध थांबवून तातडीची चिकित्सा करावी लागते. आता आपले कल्प पाहू. श्वेत पर्पटीत सूर्यक्षार १६ भाग, स्फटिका २ भाग व नवसागर १ भाग असतो. सूर्यक्षार म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यात वजनाच्या सुमारे ३९ टक्के पोटॅशियम असते. त्या हिशेबाने दिवसाला २ ग्रॅम श्वेत पर्पटी दिल्यास ६०० मि.ग्रॅ.हून अधिक पोटॅशियम पोटात जाते. निरोगी वृक्क ते सहज बाहेर टाकतात. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या वृद्धाचे वा मधुमेह्याचे वृक्क ते टाकू शकतीलच असे नाही.

यवक्षार, अपामार्गक्षार, पलाशक्षार हे वनस्पतींच्या राखेपासून सिद्ध होतात, आणि अशा राखेत पोटॅशियमचे क्षार प्राधान्याने असतात. चंद्रप्रभा वटीतही यवक्षार आहे. मात्रा अल्प असली तरी ती महिनोन् महिने घेतली जाते, हे ध्यानात ठेवावे. पुनर्नवा व गोक्षुर ही स्वतः मूत्रल द्रव्ये असल्याने त्यांच्या योगाने रक्तदाब अधिक उतरण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते.

ज्येष्ठमधाचे मात्र उलट आहे. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. स्पायरोनोलॅक्टोन जे साधू पाहते, नेमके त्याच्या विरुद्ध हे कर्म होय. कासासाठी दोन दिवस दिलेले चाटण आणि अम्लपित्तासाठी दोन महिने चालविलेले चूर्ण यांत म्हणूनच भेद करावा.

क्षारांविषयीचा विवेक आपल्या शास्त्रातही आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे आणि क्षाराच्या सतत सेवनाने होणाऱ्या उपद्रवांत हृदयाचाही उल्लेख केला आहे. आचार्यांना पोटॅशियम ठाऊक होते असा अर्थ त्यातून काढू नये. परंतु क्षार हे बेतानेच वापरावयाचे द्रव्य आहे, ही दृष्टी निःसंशय त्यांची आहे.

आपल्या जिल्ह्याचे ऋतुमान

वाशिमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शेतात घाम गाळणाऱ्याच्या शरीरातील जलांश घटला, अथवा पावसाळ्याच्या तोंडी अतिसार झाला, की वृक्कांचे कार्य मंदावते व पोटॅशियम साठू लागते. त्यातच सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅक घेतले, किंवा लो-सोडियम मीठ सुरू केले, तर संकट दुणावते. कारण त्या मिठात सोडियमची जागा पोटॅशियम क्लोराइड घेते. शहाळ्याचे पाणीही पोटॅशियमयुक्त आहे. रॅमिप्रिल वा टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची औषधे आणि ट्रायमेथोप्रिमयुक्त प्रतिजैविके यांनीही पोटॅशियम वाढते.

ही वाढ बहुधा मुकी असते. स्नायूंची दुर्बलता, मुंग्या येणे, नाडी मंद वा विषम होणे ही लक्षणे दिसलीच तर एक क्षणही न दवडता रुग्णास रुग्णालयात पाठवावे. अनेकदा पहिले लक्षणच हृदयगतीचा घात करणारे असते. म्हणून विसंबावयाचे ते तपासणीवर. औषध सुरू झाल्यावर अथवा मात्रा वाढविल्यावर एका आठवड्याने, पुन्हा एका महिन्याने आणि नंतर दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम पाहावे. रक्ताचा नमुना दूरवर पाठविताना रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. तेव्हा शक्यतो प्रयोगशाळेतच जाऊन रक्त द्यावे.

आणखी एक गोष्ट. ‘राल्स’मध्ये हे औषध घेणाऱ्या सुमारे दहा टक्के पुरुषांना स्तनवृद्धी वा स्तनशूल जाणवला. संकोचामुळे असा रुग्ण तज्ज्ञांस सांगत नाही, तो आपल्या वैद्याकडेच येतो. त्यास निराळा व्याधी समजून चिकित्सा आरंभू नये. मूळ डॉक्टरांस कळवावे. हा उपद्रव क्वचितच करणारे एप्लेरेनोन उपलब्ध आहे.

औषधविक्रेत्यांचे स्थान

दोन पॅथींच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींस कोठे भेटत असतील, तर त्या औषधविक्रेत्याच्या फळीवर. अकोल्याची चिठ्ठी घेऊन आलेलाच मनुष्य श्वेत पर्पटीची पुडी वा लो-सोडियम मिठाची पिशवी मागतो. ‘लघवीची वा प्रेशरची गोळी चालू आहे काय?’ एवढा एक प्रश्न त्या वेळी विचारला आणि उत्तर होकारार्थी आल्यास ‘आधी वैद्यांना विचारा’ असे सांगितले, तरी पुरेसे आहे. वैद्यांनीही केसपेपरवर चालू औषधांसाठी एक ओळ राखून ठेवावी आणि रुग्णास गोळ्यांची पाकिटे सोबत आणावयास सांगावे.

वाशिम येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील व अकोल्याच्या तज्ज्ञांशी पत्राने वा दूरध्वनीने संपर्क ठेवून, आपण कोणते कल्प देत आहोत हे कळविण्यात आपल्या शास्त्राचा कोणताही कमीपणा नाही. श्वेत पर्पटी अश्मरीच्या तरुण रुग्णास हितकर ठरते, तीच स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या हृद्रोग्यास घातक ठरू शकते. देश, काल, वय आणि बल पाहून औषध द्यावे, असे आपण शिकलो. त्या यादीत रुग्णाच्या पिशवीतील गोळ्यांचाही आता समावेश करावयास हवा, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र सूचना आहे.