तीन इंच पुरेत!

१९ सप्टेंबर १९९१. इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्समध्ये भटकणाऱ्या एका जर्मन जोडप्याला बर्फातून डोकावणारं प्रेत दिसलं. अलीकडेच दगावलेला कुणी गिर्यारोहक असेल, असं आधी वाटलं. तो निघाला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा! जगानं त्याला ‘ओत्झी’ म्हटलं. त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीचं कौतुक खूप झालं, पण चाकूवेड्यांचा जीव अडकतो तो त्याच्या दुसऱ्या हत्यारात. चकमकीच्या दगडाचं पातं, ॲश झाडाच्या लाकडाची मूठ, झाडाच्या सालीचे धागे विणून केलेलं म्यान आणि ते कमरपट्ट्याला अडकवायला चामड्याची वादी. मुठीसकट अख्ख्या चाकूची लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर. सोबत पात्याला पुन्हा धार काढायचं औजारही होतं: लाकडी दांडीत बसवलेलं शिंगाचं टोक. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून तर कळलं की गडी उजवा होता आणि मरणाच्या थोडंच आधी त्यानं आपल्या हत्यारांना धार लावली होती.

पातं, मूठ, म्यान आणि धारेचं साधन. रोज जवळ बाळगायच्या छोट्या चाकूची यादी पाच हजार वर्षांपूर्वीच पूर्ण झालेली! आज दुकानात याला ‘फिक्स्ड ब्लेड’ म्हणतात. घडी न होणारा, मुठीत पातं कायमचं बसवलेला चाकू. बिजागरी नाही, स्प्रिंग नाही, खटका नाही. म्हणजे बिघडायला काही नाहीच. आंबा चिरा, नळाखाली धरा, पुसा, म्यानात घाला. घडीच्या चाकूच्या सांध्यात रस आणि धूळ जाऊन बसते, ती काढायला टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या कामाला तीन-साडेतीन इंचांपेक्षा लांब पातं लागत नाही. लागतं असं वाटतं, ते सिनेमांमुळे.

मोठ्याच्या म्यानात धाकटा

खात्री हवी असेल तर योद्ध्यांकडेच बघा. नेपाळी खुकरीच्या म्यानात मागच्या बाजूला दोन छोटी हत्यारं खोचलेली असतात. त्यातलं ‘चकमक’ बोथट. धार सरळ करायला आणि ठिणगी पाडायला. दुसरं ‘कर्दा’, म्हणजे अगदी साधा, कामाचा छोटा चाकू. जपानी सामुराईंच्या अनेक तलवारींच्या म्यानाला खाच असे आणि तिच्यात ‘कोगाताना’ नावाचं चिमुकलं पातं बसे. स्कॉटलंडच्या ‘डर्क’ या लांब खंजिराच्या म्यानात तर छोट्या चाकूबरोबर काटाही, जेवायला! तीन मुलखांतले लढवय्ये, पण दोरी कापायला, फळ सोलायला कुणीही मोठं पातं उपसत नव्हतं.

स्कॉटिश पुरुष किल्ट घालतात तेव्हा गुडघ्याखालच्या मोज्यात ‘स्कीअन डू’ खोचतात. मूठ मुद्दाम मोज्याबाहेर दिसेल अशी. तीन-चार इंचांचं पातं, आणि पोशाखाचा मान त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

फ्रान्समध्ये मात्र चौदाव्या लुईला टोकांचीच धास्ती वाटली. त्या काळी युरोपात लोक जेवणाचा चाकू स्वतःचा बाळगत. १६६९ मध्ये राजानं फर्मान काढलं: रस्त्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर टोकदार चाकू नको. टोकं घासून गोल केली गेली. आज लोणी लावायच्या सुरीचं टोक गोल असतं, त्यामागे ही हकिकतही आहे.

फिनलंडचा धडा

छोटा चाकू कसा असावा हे शिकायचं तर फिनलंडच्या ‘पुक्को’कडून शिकावं. पातं साधारण तळहाताच्या रुंदीएवढं, मुठीहून लांब नाही. पाठ सरळ, मूठ बर्चच्या लाकडाची. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोटं अडवणारी आडवी पट्टी बहुधा नसतेच. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे अपुरं वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. आडवी पट्टी लागते भोसकणाऱ्या हत्याराला, हात पुढे घसरू नये म्हणून. लाकूड तासताना, मासा साफ करताना ती नुसती आड येते. पुक्को कापण्यासाठी आहे, आणि ते त्याच्या आकारातच लिहिलंय.

त्याचं चामड्याचं म्यानही खोल. अर्धी मूठ आत जाते, चामडं मुठीला घट्ट धरतं, म्हणून बटण किंवा पट्टा लावावा लागत नाही. बर्फात जाड हातमोजे घालून बटणं कोण काढणार?

पुक्कोची धारही खास. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच सपाट उतार, थेट धारेपर्यंत गेलेला. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो. अंदाज नाही, यंत्र नाही. नवशिक्यानं पहिला चाकू असाच घ्यावा, कारण धार लावता आली नाही की चांगला चाकूही महिन्या-दोन महिन्यांत खणात जातो.

फिनलंडमध्ये पुक्को भेट देणं हा मान समजला जातो. तापिओ विर्क्काला या नामवंत डिझायनरनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅकमन कंपनीसाठी नवा पुक्को घडवला. काच आणि चांदीवर जन्म घालवलेल्या माणसाला हा मासे-लाकडाचा चाकू हलका विषय वाटला नाही, हे मला फार आवडतं.

शेजारच्या स्वीडनमधलं मोरा हे गाव तर चाकूंमुळे जगभर माहीत झालं. ज्या कारखान्याचा पुढे या धंद्यात मोठा वाटा झाला, तो १८९१ मध्ये सुरू झाला होता लाकडाचे ओंडके वाहायच्या स्लेज बनवण्यासाठी! चाकू मागाहून आले. त्यांतल्या काहींचं पातं तीन थरांचं: मध्ये कडक, धार धरणारं पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. धार टिकते, पातं तुटत नाही. आणि किंमत? सुतार, मच्छीमार, शाळकरी पोरांना परवडेल अशी. पहिल्या चाकूवर मोठा पैसा घालवू नका, असं मी म्हणतो ते मोराच्या भरवशावर.

कापत नाही, पण गंजतही नाही

आता पोलाद. दोन घराणी: कार्बनचं आणि स्टेनलेस.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीला १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात यावर तोड शोधायची होती. हाती आलं ते न गंजणारं पोलाद, त्यात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर तयार होतो, ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो, म्हणून गंज चढत नाही. ब्रेअर्लीला वाटलं, सुऱ्या-चाकूंना हे उत्तम! पण सुरुवातीच्या सुऱ्यांची धार टिकेना, आणि शेफील्डचे कारागीर त्याला न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून चिडवू लागले. आज मोराच्या स्टेनलेस चाकूंसाठी नावाजलेल्या १२सी२७ या स्वीडिश पोलादात ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम असतं. धारही राहते, गंजही लांब राहतो.

कार्बनचं पोलाद दगडावर झटपट धार घेतं, पण लिंबू, चिंच, कैरी लागली की काळवंडतं. घाबरू नका, तो काळा-निळा थर नुकसान करत नाही. उलट तांबड्या गंजाला थोडा आवर घालतो. खरा शत्रू आपला पावसाळा. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर माझा कौल सरळ स्टेनलेसला. कार्बनचाच हवा असेल तर वापरून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा आणि चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं, ते कमावताना वापरलेली द्रव्यंही पोलादाला सोसत नाहीत.

या विषयातली भारताची थोरवी विसरून चालणार नाही. आजच्या तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू या भागांत मुशीत वितळवून केलेलं ‘वुट्झ’ पोलाद शतकानुशतकं परदेशी जात होतं. लंडनचा चाकू कारागीर जेम्स स्टोडार्ट त्याच्यावर इतका लुब्ध झाला की त्याचं गुपित शोधायला त्यानं एका तरुण शास्त्रज्ञाबरोबर प्रयोग केले. तो तरुण होता मायकेल फॅरडे, लोहाराचाच मुलगा! वीज आणि चुंबकाच्या कामाने जगप्रसिद्ध होण्याआधी, १८२०च्या आसपास, फॅरडे आपल्याकडच्या पोलादाचा अभ्यास करत होता.

मूठ, म्यान आणि समुद्राचा तळ

चाकू निवडताना लोक पातं बघतात. मूठ बघा. चारही बोटं मावली पाहिजेत, आणि जोरात दाबल्यावर तळव्याला कुठलीही कड टोचता कामा नये. तीन बोटांची मूठ खिशात छान मावते, पण जाड पुठ्ठा कापायला घेतलात की पाच मिनिटांत हात दुखतो.

‘मिकार्टा’ नावाच्या मुठी दिसतील. कापडाचे थर राळेत दाबून केलेलं हे साहित्य जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या कंपनीनं १९१०च्या सुमारास आणलं ते विजेच्या उपकरणांत, करंट अडवण्यासाठी. ओल्या हातातही ते घसरत नाही. म्यानांचं ‘कायडेक्स’ हे प्लास्टिक १९६५ मध्ये विमानांच्या अंतर्भागासाठी बनलं होतं! गरम करून चाकूवर दाबलं की त्याच मापाचं म्यान तयार. चांगल्या म्यानाची परीक्षा सोपी: पलंगावर गादीच्या वर ते उलटं धरून झटका द्या. चाकू पडला तर ते म्यान घेऊ नका. गळ्यात अडकवायचा छोटा चाकू असेल तर ओढल्यावर सुटणारी साखळीच हवी. मजबूत दोरी कुठे अडकली तर गळ्याला फास बसेल.

आणि टिकाऊपणाबद्दल: अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेतल्या अंतराळवीरांसाठी रँडल या कारागिरांनी खास चाकू घडवले. १९६१ मध्ये गस ग्रिसमचं ‘लिबर्टी बेल ७’ यान अटलांटिकमध्ये बुडालं, त्याच्यासोबत त्याचा चाकूही. १९९९ मध्ये यान साडेचार किलोमीटरहून अधिक खोलीवरून वर काढलं. साफ केल्यावर चाकू वापरण्याजोगा निघाला.

हात शाबूत ठेवा

बोथट चाकू जास्त कापतो. भाजीला नाही, बोटाला. धार नसली की आपण जोर लावतो, आणि जोर लावलेलं पातं घसरतं. धारेची परीक्षा बोटावर नको, वर्तमानपत्राच्या कागदावर घ्या. बालवीरांचा जगभरचा नियम पाळा: चाकू हातात घेऊन हात लांब करा, चहूकडे फिरवा, तेवढ्या वर्तुळात कुणी नको. बसून लाकूड तासताना कोपरं गुडघ्यांवर टेका आणि गुडघ्यांच्या पुढे तासा. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते. तिथे झालेली जखम काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. छोट्या चाकूनं डबे उघडू नका, तो पेचकस म्हणून वापरू नका. टोक तुटतं, आणि तुटलेलं टोक उडतं.

आपल्याकडे

कोकणात कमरेच्या आकडीत कोयता अडकवून बागेत जाणारी माणसं आजही दिसतात. गोव्यातला माडी काढणारा रेंदेर माडावर चढतो तो आपली काती घेऊन. पण मला सर्वांत नाजूक काम वाटतं ते कलमाचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठामुळे घरोघर पोचलेलं आंब्याचं कोय कलम बघा. कोवळं रोप आणि फांदीची काडी, दोन्हींचे काप अगदी सपाट आले तरच सालीखालचे जिवंत थर एकमेकांना चिकटतात. म्हणून कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूनं धार असते, दुसरी बाजू सपाट. जपानी ‘किरिदाशी’ या छोट्या चाकूचीही हीच रचना. हापूसच्या कित्येक बागांची सुरुवात अशा बोटभर पात्यानं झालीय.

आणि कायदा

हे मात्र नीट वाचा. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीची, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. आपला छोटा चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकूही येतो. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या दिवसांत चाकू घरी ठेवा. शिखांच्या कृपाणाला राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाचं संरक्षण आहे, ती बाब वेगळी.

परदेशी राहणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतचा, खटक्यानं पक्का न होणारा घडीचा चाकू बाळगता येतो. घडी न होणारा मात्र कितीही छोटा असला तरी योग्य कारणाशिवाय चालत नाही. जपानमध्ये मर्यादा सहा सेंटिमीटरची, जर्मनीत घडी न होणाऱ्या चाकूला बारा सेंटिमीटरची. पुक्कोच्या मायदेशातही, फिनलंडमध्ये, सार्वजनिक जागी तो बाळगायला काम किंवा ठोस कारण लागतं.

ट्रेकला, शेतावर, बागेत, मासेमारीला चाकू जरूर न्या आणि काम झालं की म्यानासकट पिशवीच्या तळाशी ठेवा. विमानानं जाणार असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत गेला पाहिजे. हातातल्या पिशवीत सापडला तर सुरक्षा तपासणीतच काढून घेतात.