पावसाचा जमाखर्च

अमुक गावी काल २० मिलिमीटर पाऊस झाला, अशी बातमी तुम्ही पुष्कळदा ऐकता. मिलिमीटर हे तर लांबीचे माप. दूध, रॉकेल, पाणी आपण लीटरने मोजतो; मग पाऊस तेवढा पट्टीच्या मापाने का सांगायचा?

समजा, पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, वाळलेही नाही. पडले तिथेच साचून राहिले. त्या थराची जी उंची भरेल तोच पावसाचा आकडा. अंगणात भरेल तेवढीच ती शेतातही भरेल, म्हणून क्षेत्रफळ सांगावे लागत नाही. लीटर हवे असतील तर गुणाकार करावा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर, म्हणजे १०,००० लीटर पाणी झाले. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे तो पदोपदी लागणार आहे.

आता एक खरे गाव घेऊ. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. गावाचे क्षेत्र सुमारे ९७५ हेक्टर, वस्ती हजार-बाराशेची. पाऊस कमीजास्त होतो, पण हिशेबासाठी ४०० मिलिमीटर धरू. गुणाकार करा: वर्षाला ३९० कोटी लीटर! बाराशे माणसांत वाटले तर माणशी दररोज जवळजवळ नऊ हजार लीटर. तरीही १९७० ते १९९० या काळात या गावात प्यायच्या पाण्याची ओढ होती आणि माणसे कामासाठी गाव सोडून जात होती. मग एवढे पाणी गेले कुठे?

बरेचसे जमिनीतून आणि पानांतून वाफ होऊन परत हवेत गेले. काही ओढ्याने वाहून गेले. विहिरींना मिळते ते उरलेले, मुरलेले पाणी. आपल्या काळ्या कातळाच्या प्रदेशात काही खास उपाय केले नाहीत तर पावसाचा साधारण सात-आठ टक्के भागच खाली मुरतो, असा अंदाज धरतात. म्हणजे ४०० मिलिमीटरपैकी सुमारे ३०.

इथे एक गंमत आहे, आणि मोठ्या माणसांचीही इथे फसगत होते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी दीड मीटर वर आले की वाटते, जमिनीखाली दीड मीटर खोल पाणी साठले. तसे नसते. विहीर हे मोकळे भोक आहे. भोवतालचा खडक मोकळा नाही. पाणी राहते ते मुरमातल्या बारीक पोकळ्यांत आणि कातळाच्या भेगांत. झिजलेल्या कातळातून उपसून निघणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्केच असते. (नदीकाठच्या वाळूतून याच्या कितीतरी पट निघते, म्हणून तिथला हिशेब इथे लावू नये.) दीड मीटरचे दोन टक्के किती? ३० मिलिमीटर. वरच्या आकड्याशी ताळा जुळला! उलट बाजूने पाहा: एखाद्या शेताखालची पातळी एक मीटर उतरली, तर हेक्टरी फक्त दोन लाख लीटर पाणी निघाले.

आता खर्चाची बाजू. उसाला वर्षभरात सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे सगळे ४०० त्याच्या खात्यावर जमा करू. राहिले १६००, म्हणजे हेक्टरी १ कोटी ६० लाख लीटर. हे विहिरीतून यायचे. पण एका हेक्टरात मुरते ३० मिलिमीटर, म्हणजे फक्त ३ लाख लीटर. भागाकार करा. एक हेक्टर ऊस सुमारे त्रेपन्न हेक्टरांचे मुरलेले पाणी पितो! (शेताला दिलेल्या पाण्यातले थोडे पुन्हा मुरते, ते आपण सोडून दिले आहे.) ग्रामीण भागात घरगुती वापरासाठी माणशी रोज ५५ लीटर पाणी धरतात, वर्षाचे झाले २० हजार. म्हणजे तेवढ्याच पाण्यात आठशे माणसांचे वर्ष निघते.

त्रेपन्न हेक्टर एकाच्या मालकीचे क्वचितच असतात. सातबाऱ्यावर जमीन वाटलेली असते. खालचे पाणी मात्र उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते, ते बांध ओळखत नाही. एकाने खोल बोअर घेऊन जोराने उपसा केला की त्याच्याभोवती पातळी खचते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. ऊस वाईट पीक आहे असे मी म्हणत नाही. पाण्याच्या ठिकाणी तो खुशाल घ्यावा. ४०० मिलिमीटरच्या गावात मात्र तो कोणाच्या तरी वाट्यातून घ्यावा लागतो.

हिवरे बाजारच्या लोकांनी नेमके हेच गणित चावडीवर आणले. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे श्रमदान व सरकारी योजनांतून डोंगरउतारांवर समपातळी चर खणले गेले, बंधारे झाले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आली. यामुळे मुरण्याचा टक्का वाढला. पण केवळ जमा वाढवून भागत नाही. गावात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी झाली. ऊस व केळी ही पिके बंद झाली. पावसाळा संपला की पर्जन्यमापकाचे आणि विहिरींचे आकडे घेऊन ग्रामसभेत ताळेबंद मांडतात. माणसांचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढतात, उरलेल्यावर रब्बीची पिके ठरतात. पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याची पिके घेत नाहीत. माझ्या मते यातले सर्वांत अवघड काम चर खणण्याचे नव्हे; शेजाऱ्यासमोर आकडा मान्य करण्याचे आहे.

तुमच्या गावाचा ताळेबंद तुमचा वर्ग करू शकेल. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून दूर ठेवा आणि रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीने पाणी मोजा. बारीक पाऊस नीट वाचता येत नसेल तर डब्याच्या दुप्पट व्यासाचे नरसाळे तोंडावर बसवा. क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून १ मिलिमीटर पाऊस डब्यात ४ मिलिमीटर दिसेल. आलेल्या आकड्याला चाराने भागायला विसरू नका. गावाचे क्षेत्र तलाठी कार्यालयात मिळेल. विहिरीची पातळी ऑक्टोबरात एकदा व मे महिन्यात एकदा, दोरीला वजन बांधून, काठापासून मोजा. सोबत गुरुजी किंवा घरचे मोठे माणूस असू द्या. पंप नुकताच बंद झाला असेल तर मोजू नका. पाणी रात्रभर स्थिरावू द्या आणि सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी दोरी सोडा.