सांदण दरीची मोहीम

बिलोलीच्या मुलांना मांजरा नदी परिचयाची आहे. उन्हाळ्यात तिच्या वाळवंटातून लोक पायी चालत पलीकडे जातात. पावसाळ्यात मात्र कधी कधी असे होते, की डोक्यावर ऊन असते, गावात थेंबही पडलेला नसतो, आणि तरी पात्र भरू लागते. वरच्या अंगाला निजामसागर धरणाचे दरवाजे उघडलेले असतात. पाऊस झालेला असतो तो दूरच्या मुलखात. अशा वेळी नदीतला माणूस लगबगीने काठावर येतो.

पण काठच नसला तर? नदीच्या दोन्ही बाजूंस दोनशे फूट उंचीचे उभे कातळ असले आणि त्यांमधले अंतर हात पसरण्याएवढेच असले, तर माणसाने जावे कोठे? अशा अरुंद, खोल घळीत उतरण्याची मोहीम आखणाऱ्याने हा प्रश्न सर्वांआधी स्वतःस विचारावयास हवा.

अशी एक घळ महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या जलाशयापलीकडे, साम्रद नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळच जमीन एकाएकी दुभंगलेली दिसते. हीच सांदण दरी. सह्याद्रीच्या काळ्या खडकातील भेग पाण्याने युगानुयुगे कोरून तिला हे रूप दिले आहे. आत ऊन क्वचितच तळापर्यंत पोहोचते. वाटेत थंडगार पाण्याचे डोह लागतात. ते कधी गुडघ्याइतके, तर कधी छातीइतके खोल असतात. पुढे घरांएवढ्या शिळांचा खच, आणि त्यानंतर एकामागून एक तुटलेले कडे. तेथून दोराच्या आधारानेच कोकणच्या बाजूस उतरता येते.

गड चढणे आणि घळ उतरणे यांत एक मोठा भेद आहे. गडावर कष्ट आरंभी असतात. दम लागला तर माणूस अर्ध्या वाटेवरून माघारी फिरू शकतो, आणि परतीची वाट उताराची असते. घळीत सारे उलटे. आरंभ सोपा, म्हणून फसवा. प्रत्येक पावलागणिक परतीची चढण वाढत जाते. कड्यावरून उतरताना दोर दुहेरी ओवून घेतात, आणि शेवटचा माणूस खाली आला, की पुढच्या कड्यासाठी तोच दोर ओढून काढतात. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, असे आपण ऐकतो. येथे आपलेच दोर आपणच काढून घ्यावयाचे असतात! म्हणून जो विचार करावयाचा, तो पहिला दोर काढण्यापूर्वी.

आता समजा, बिलोलीच्या बारा तरुणांनी ही मोहीम योजिली. प्रवास सुमारे सहाशे किलोमीटरांचा. नांदेडहून मनमाडमार्गे आगगाडीने इगतपुरी गाठावी, आणि तेथून घोटी व भंडारदरा या मार्गाने साम्रदला जावे. येथवर काही अवघड नाही. अवघड असते ते वेळेचे गणित. एका कड्यावरून उतरण्यास प्रत्येकाला दहा मिनिटे धरली, तरी बारा जणांना दोन तास लागतात. असे तीन कडे म्हटले, की सहा तास दोराशीच गेले. हिवाळ्याचा दिवस लहान, आणि घळीत अंधार लवकर पडतो. सकाळी नऊला निघू म्हणणाऱ्यांना रात्र कड्यावरच गाठणार. तेव्हा माणसे कमी करावीत, किंवा दोर दोन घ्यावेत, अथवा खाली मुक्काम करून दुसऱ्या दिवशी करोली घाटाने साम्रदला परत चढावे. यांपैकी काय करावयाचे ते बिलोलीतच ठरावे. चाल धरावयाची ती सर्वांत मंद गड्याची. चपळ गड्याच्या चालीने केलेले वेळापत्रक कागदावरच शोभते.

पाण्याचेही असेच. माणशी तीन लिटर म्हणजे बारा जणांना छत्तीस लिटर, आणि तितकेच किलो वजन. डोहातील साचलेले पाणी शुद्ध केल्यावाचून पिऊ नये. दोर, कमरेचे पट्टे व शिरस्त्राणे भाड्याने मिळतात. ती बांधण्याचे ज्ञान भाड्याने मिळत नाही. दोराचे काम शिकलेले दोघे तरी संगती असावेत, आणि साम्रदचा वाटाड्या असावाच. डोहाचे पाणी आज किती आहे, हे त्याच्याइतके कोण जाणणार?

पावसाळ्यात दरीत उतरणे सर्वस्वी वर्ज्य. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात अँटिलोप नावाची अशीच घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी काही प्रवासी तिच्यात उतरले होते. वादळी पाऊस कोसळला तो तेथून कित्येक मैलांवर. परंतु ते सारे पाणी घळीतून भिंतीसारखे आले आणि अकरा जणांचा अंत झाला. मांजरेचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. डोक्यावरचे आकाश पाहून भागत नाही. पाणी जेथून येते, तेथले आकाश पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट फुकट करता येते, म्हणूनच बहुधा राहून जाते. कोठे जातो व केव्हा परतणार, हे मागे कोणास तरी लिहून द्यावे. सन २००३ च्या एप्रिलमध्ये आरॉन राल्स्टन हा अनुभवी गिर्यारोहक यूटा राज्यातील एका निर्जन घळीत एकटाच उतरला. त्याने कोणास काही सांगितले नव्हते. निसटलेल्या शिळेखाली त्याचा उजवा हात अडकला. त्याला शोधावयाचे कोठे, हे कोणासच ठाऊक नव्हते. सहाव्या दिवशी स्वतःचा हात तोडून तो सुटला व वाचला. आपल्या बारा जणांनी एक चिठ्ठी घरी आणि एक साम्रदला ठेवावी. अमुक वेळेपर्यंत आलो नाही तर शोधास निघा, असे तीत स्पष्ट लिहावे.

मग दरीच्या तोंडाशी उभे राहून एकदा मोजणी करावी. कोणाचा पाय मुरगळला आहे, कोणास ताप आहे, पश्चिमेस ढग दिसतात, किंवा निघण्यासच उशीर झाला आहे, असे काही आढळले तर सहाशे किलोमीटर आलो याचा हिशेब करू नये. साम्रदहून रतनगडाची वाट जाते. गडमाथ्यावर कातळात आरपार पडलेले नेढे आहे. त्यात बसले, की वारा अंगावर येतो आणि भोवतालचा सह्याद्री दूरवर पसरलेला दिसतो.